दाद मागणारे गाव

मराठी भाषेत दुसऱ्याचा गुण मानण्याची जी अनेक क्रियापदे रूढ आहेत, त्यांत ‘दाद देणे’ हे एक असे आहे की ज्याचा जन्म माजघरात, पाठशाळेत किंवा रंगमंदिरात न होता कचेरीत झाला. आणि नवी मुंबईतल्या ज्या सानपाड्यात बसून मी हे लिहीत आहे, त्या गावाला तर या शब्दाची मैफलीतील बाजू परिचयाची होण्यापूर्वी त्याची कचेरीतील बाजूच गेली पन्नास-पंचावन्न वर्षे चांगली अंगवळणी पडलेली आहे. वाशीच्या नाट्यगृहात एखादा गायक समेवर येताच ‘वा’ म्हणून मान हलविणारा श्रोता आणि वाढीव मोबदल्याच्या अर्जाची जीर्ण प्रत बासनात बांधून ठाण्याच्या न्यायालयाची पायरी चढणारा सानपाड्याचा म्हातारा शेतकरी, हे दोघेही एकाच शब्दाच्या दोन टोकांना उभे आहेत, ही गोष्ट त्या दोघांच्याही ध्यानात नसते.

ही सोयरिक नीट उमगावयाची तर दादेच्या शेजारपाजारची क्रियापदे आधी पाहून घेतली पाहिजेत. ‘कौतुक’ हा संस्कृतातील प्राचीन शब्द. कुतूहल हा त्याचा मूळचा अर्थ, आणि विवाहप्रसंगी वधूवरांच्या मनगटाला जे मंगल कंकण बांधीत त्यालाही कालिदासाच्या काव्यांत हेच नाव आहे. त्यामुळे कौतुकात नवलाई असते, माया असते, आणि वडीलकीची एक सूक्ष्म छटाही असते; कौतुक आजीने नातवाचे करावे, गुरुजींनी विद्यार्थ्याचे करावे, पण एखाद्या कारकुनाने कलेक्टरसाहेबांचे ‘कौतुक केले’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला काहीतरी उलटेपालटे झाल्यासारखे वाटते. ‘वाखाणणे’ हे व्याख्यानाचे अपत्य, म्हणजे गुण उलगडून सांगणे. ज्याच्यापाशी शब्दसंपदा नाही त्याला एखादी गोष्ट आवडू शकते, परंतु वाखाणता येत नाही. ‘नावाजणे’ फार्शीतून आले. तेथे त्या धातूचा अर्थ कृपा करणे, गोंजारणे असा आहे, आणि ‘गरीबनवाज’ या बिरुदात तो अजून जिवंत आहे. म्हणजे नावाजणारा धनी आणि नावाजलेला त्याचा आश्रित. ‘शाबास’ हा तर मूळचा ‘आनंदी राहा’ असा फार्शी आशीर्वाद, जो आपण आता शाळकरी पोराला आणि शर्यतीच्या बैलाला सारख्याच उदारपणे देऊन टाकतो. या सर्वांत देणाऱ्याची मर्जी आहे. दादेत मर्जीला जागा नाही.

फार्शी भाषेत ‘दाद’ म्हणजे न्याय. या शब्दाचे कूळ फार पुराणे आहे. सम्राट दारयवहूने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस बेहिस्तूनच्या कड्यावर जे लेख कोरविले, त्यांतील ‘दात’ म्हणजे कायदा हा त्याचा पूर्वज, आणि आपल्या ‘विहित’, ‘विधान’, ‘विधी’ या शब्दांतील ‘धा’ धातू हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. इराणात न्यायालयाला आजही ‘दादगाह’ म्हणतात आणि अन्यायाला ‘बेदाद’. या न्यायवाचक शब्दाचा प्रशंसेकडे प्रवास झाला तो फार्शीतच. कारण त्या भाषेत एखाद्या गोष्टीची ‘दाद देणे’ म्हणजे त्या गोष्टीचे जे यथायोग्य देणे असेल ते चुकते करणे, मग ती गोष्ट शौर्य असो, आदरातिथ्य असो की काव्य असो. कवीने उत्तम शेर म्हटला की त्याचे काहीतरी श्रोत्यांकडे येणे निघते. ते देऊन टाकले नाही तर श्रोता कृपण ठरत नाही, अन्यायी ठरतो. हा दंडक मुशायऱ्यांतून उर्दूत आला आणि उर्दूच्या व दखनीच्या सहवासात मराठीतही स्थिरावला. एका माणसाची येथे आठवण केल्याशिवाय राहवत नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्शी शिकविणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, मराठी गझलेचा पाया घातला, आणि पुढे हेच गृहस्थ भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. ज्याने परक्या शब्दांची इतकी मनःपूर्वक मोजदाद केली त्याच्याच हातून त्यांना निरोप देण्याचा उद्योग व्हावा, यात विसंगती कमी आणि प्रामाणिकपणा अधिक आहे असे मला वाटते, कारण ज्याला पाहुणे ओळखू येतात त्यालाच त्यांची गर्दी जाणवते.

१३४७ साली बहमनी राज्याची स्थापना झाली तेव्हापासून दख्खनच्या दप्तरांत फार्शीचा अंमल सुरू झाला आणि निजामशाही, आदिलशाही या वारसांनी तो कोकणपट्टीपर्यंत आणून पोहोचविला. ठाणे खाडीचा पूर्व किनारा, म्हणजे आजची नवी मुंबई, हा त्या काळी सीमेवरचा मुलूख होता; पलीकडे साष्टीत पोर्तुगीज, अलीकडे कल्याण-भिवंडीत प्रथम निजामशाही, १६३६ नंतर आदिलशाही, आणि १६५७ पासून शिवाजी महाराजांचा अंमल. महाराजांनी राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश करविला व दरबारातील हुद्दे, कारखाने, शस्त्रे, जिन्नस यांच्या रूढ यावनी नावांना संस्कृत पर्याय दिले, हे सर्वश्रुत आहे. परंतु अशा योजनेची पोच दरबाराच्या सदरेपर्यंत असते. ज्या शब्दाने रयत आपले गाऱ्हाणे सांगत होती तो शब्द दप्तरदाराच्या मालकीचा उरला नव्हता. तो कुणब्याच्या, कोळ्याच्या, आगऱ्याच्या जिभेवर बसला होता. हुद्देदार बदलले, सनदांची भाषा बदलली, तरी गाऱ्हाणे तेच राहिले आणि म्हणून दादही राहिली.

मराठेशाहीत दाद लागण्याची रीत कशी होती, हे थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. तंटा प्रथम गावातच पाटील-कुलकर्णी आणि गोत यांच्यापुढे यायचा. तेथे निकाल लागला नाही किंवा लागलेला निकाल एका पक्षाला मान्य झाला नाही तर तो देशमुख-देशपांड्यांकडे, मामलेदाराकडे आणि अखेरीस हुजुरात जायचा. वादी-प्रतिवादी आपापल्या तकरिरी लिहून देत. निवाडा होईल तो आम्ही मान्य करू असा कबुलीचा कागद दोघांकडून आधीच घेतला जाई व त्याला राजीनामा म्हणत. (आज मंत्री जो देतात तो राजीनामा मात्र बहुधा नाराजीचाच असतो.) साक्षीपुरावे झाले, गोताने आपले मत सांगितले, की महजर किंवा निवाडपत्र तयार होऊन त्यावर सभासदांच्या निशाण्या पडत, नांगराची, तराजूची, कट्यारीची चिन्हे असलेले ते कागद आजही पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पाहावयास मिळतात. आणि मग यायची ती दादेची किंमत. हरलेल्या पक्षाने सरकारात गुन्हेगारी भरावयाची हे तर उघडच होते. पण जिंकलेल्यालाही ‘हरकी’ किंवा ‘शेरणी’ द्यावी लागे. आपला न्याय झाला, आपण हर्षित झालो, तर त्या हर्षाची खूण म्हणून सरकारला काही द्यावे, असा तो हिशेब. न्याय मिळाल्याचा आनंद हा करपात्र मानणारी ही व्यवस्था आधुनिक वाचकाला विचित्र वाटेल. परंतु दाद ही फुकटची वस्तू नव्हे, ती देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही बांधून टाकते, ही जाण तिच्यामागे होती. पेशवाईत १७५९ च्या सुमारास न्यायाधीशपदावर आलेले रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव लोकांच्या मुखी राहिले ते त्यांनी नारायणरावाच्या खुनाबद्दल प्रत्यक्ष राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगितले म्हणून. सत्ताधीशाविरुद्ध दाद लागू शकते, हे त्या एका घटनेने लोकांना दाखविले. ती एरवी लागत नसे, हेही त्याच घटनेच्या कीर्तीवरून कळते.

दाद या शब्दाभोवती मराठीने जे वाक्प्रचार गुंफले आहेत, त्यांत हा सारा अनुभव साठलेला आहे. ज्याची कोणीच विचारपूस करीत नाही त्याच्याबद्दल आपण ‘दाद ना फिर्याद’ म्हणतो. एखादा धूर्त मनुष्य आपल्या बेताची कोणाला ‘दाद लागू देत नाही’. हट्टी मूल आईला, खडक पहारीला आणि जुनाट ताप औषधाला ‘दाद देत नाही’. म्हणजे येथे दाद देणे हे नमते घेणे, समोरच्याचे सामर्थ्य कबूल करणे असे झाले. मोल्सवर्थसाहेबाच्या कोशाच्या १८३१ आणि १८५७ या दोन आवृत्त्यांच्या काळी गाऱ्हाणे आणि त्याचे निवारण हाच या शब्दाचा ठळक अर्थ होता. मैफलीची दाद त्या मुख्य प्रवाहाला मिळालेली उपनदी. परंतु या वाक्प्रचारांमुळे रसिकाच्या दादेलाही एक खोली आली. गाण्याला दाद देणारा एका अंगाने न्यायाधीश असतो, कारण तो गुणाचे माप करतो. आणि दुसऱ्या अंगाने तो हरलेला पक्षही असतो, कारण गाण्यापुढे तो नमलेला असतो. हे दोन्ही एकाच वेळी सांगणारे दुसरे क्रियापद मराठीत मला तरी आढळलेले नाही.

राजसत्तेने गुणाची दाद कशी द्यावी याचे जुने मराठी दाखले बहुतेक वस्तुरूप आहेत. अज्ञानदास या शाहिराने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला तेव्हा त्याला एक घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला, अशी परंपरा आहे. पेशव्यांनी श्रावणमासात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची तळेगावच्या दाभाड्यांची प्रथा पुढे चालविली आणि तिचे एका अवाढव्य खात्यात रूपांतर केले. पर्वतीजवळच्या रमण्यात हजारोंनी लोक जमत, शास्त्र्यांची परीक्षा होई व योग्यतेप्रमाणे रक्कम ठरे. हेतू विद्येला दाद देण्याचा, पण परिणाम असा झाला की शेवटी शेवटी विद्येपेक्षा गर्दीलाच दाद मिळू लागली. इंग्रजी अंमलात एल्फिन्स्टनने तो खर्च एकदम बंद न करता त्यातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढविली, आणि १८४९ साली सुधारक मंडळींनी अर्ज करून या निधीचा काही अंश मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा अशी दाद मागितली. त्या अर्जातून पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली व मराठी गद्याला पहिली रोख बक्षिसे मिळू लागली. ग्रंथकाराला दाद मिळावी म्हणून आधी सरकारदरबारी दाद मागावी लागली, हा या शब्दाच्या चरित्रातील एक मासलेवाईक प्रसंग होय.

रंगभूमीवर या दादेने राजाच्या हातून प्रेक्षकांच्या हाती स्थलांतर केले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, म्हणजे दाद देणारा मुख्य मनुष्य एकच होता. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात तिकिटे लावून झाले तेव्हा तिकीट घेतलेला प्रत्येकजण पंच होऊन बसला. त्यातूनच ‘वन्स मोअर’ची चाल बोकाळली. पद आवडले की प्रेक्षागृहातून पुकारा व्हावा आणि नटाने शोकाचा, प्रसंगी मरणाचाही अभिनय बाजूला ठेवून तेच पद पुन्हा म्हणावे, यात नाट्याचा घात होतो अशी विद्वानांची तक्रार होती आणि ती रास्तही होती. पण प्रेक्षकांच्या लेखी तो त्यांचा हुकूमनामा होता. या दादेच्या इतिहासातील कळसाचा दिवस ८ जुलै १९२१ हा. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले. भामिनी एका मंडळीची, धैर्यधर दुसऱ्या मंडळीचा, आणि प्रेक्षक दोन्ही बाजूंचे. दोन थोर गायकांचा तो सामना एखाद्या मोठ्या खटल्याप्रमाणे रंगला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याच्या कैफियती एकमेकांना सांगत राहिले. केशवराव त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वारले.

मैफलीतली दाद याहून संयमी. तेथे पुकारा नसतो, आणि टाळ्यांचा कडकडाट हा तर इंग्रजी सभाशास्त्राबरोबर आलेला पाहुणा. आपल्याकडे टाळी ही कीर्तन-भजनातली, ती देवाच्या नावाला साथ करणारी, माणसाची तारीफ करणारी नव्हे. बैठकीत दाद द्यावयाची ती समेवर, मान किंचित हलवून, हात थोडा उचलून, फार तर ‘क्या बात है’ म्हणून. अवेळी दिलेली दाद ही गवयाला शिवीसारखी लागते, कारण तिच्यातून श्रोत्याला ताल कळलेला नाही हे उघड होते. पुण्यात भास्करबुवा बखल्यांचा भारत गायन समाज असो की १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव असो, तेथील जुने श्रोते दाद देणे हेही एक शिकावयाचे शास्त्र आहे असे मानीत आले. कायदा न शिकलेल्याने जसा निवाडा देऊ नये, तसे कान तयार नसलेल्याने दाद देण्याची घाई करू नये, ही शिस्त त्या शब्दाच्या कुळाला शोभणारीच आहे. हल्ली सूत्रसंचालक ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’ म्हणून जी दाद वसूल करतात, तिला फार तर जप्ती म्हणता येईल.

आता सानपाड्याकडे वळू. खाडीकाठचे हे गाव आगरी-कोळ्यांचे. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. खारे पाणी बांधांनी अडवून मीठ पिकवावे, खारजमिनीत भात लावावा, खाडीत जाळे टाकावे, असा या किनाऱ्याचा शतकानुशतकांचा क्रम. या समाजाला दाद मागणे नवे नाही. अलिबागेजवळच्या चरी येथे खोतांच्या जुलमाविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली कुळांनी जो संप केला तो सहा वर्षे चालला. त्या काळात शेते ओसाड राहिली, लोकांनी करवंदे-लाकडे विकून दिवस काढले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली त्यांच्या परिषदेस आले, आणि १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. कुळाची दाद लागावयास सहा वर्षे लागली, पण लागली.

सानपाड्याची फिर्याद निराळी होती. ३ फेब्रुवारी १९७० रोजी भूसंपादन कायद्याच्या चौथ्या कलमाखाली अधिसूचना निघाली, १७ मार्चला सिडको स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नव्या शहराचा आराखडा उमटला. १८९४ च्या त्या कायद्यात जमिनीची किंमत ठरविणाऱ्या अधिकाऱ्याच्या आदेशाला इंग्रजीत ‘अवॉर्ड’ म्हणत. मराठी दप्तरात त्याला ‘निवाडा’ म्हणतात, आणि तोच इंग्रजी शब्द नटाला, खेळाडूला मिळणाऱ्या मानचिन्हालाही लागू आहे. फार्शीने दादेच्या पोटात जे दोन अर्थ ठेवले तेच इंग्रजीनेही आपल्या शब्दात ठेवावेत, हा योगायोग नसावा. गुणाला मिळणारे आणि हक्काला मिळणारे यांचे मोजमाप मनुष्यजात एकाच तराजूने करीत आली असली पाहिजे. सानपाड्याच्या आगऱ्याला मात्र या किनाऱ्यावर जो अवॉर्ड मिळाला त्याने त्याचे समाधान झाले नाही. मग अठराव्या कलमाखाली वाढीव मोबदल्याचे दावे, ठाण्याच्या न्यायालयातील तारखा, वकिलांची फी, आणि दाव्याच्या अखेरच्या परिच्छेदात नियमाने येणारे ते वाक्य, की वादीस अन्य योग्य ती दाद देण्यात यावी. अनेक घरांत जमीन गेली त्या पिढीचा मनुष्य निघून गेला आणि वारसदार म्हणून नातवाचे नाव कागदावर चढले.

१९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण तालुक्यात जासईच्या परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी चाललेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला व पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. जासईचेच दि. बा. पाटील हे या लढ्याचे नेते. त्यातून पुढे, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यावा, ही योजना १९९० साली शासनाने काढली, आणि ‘साडेबारा टक्के’ हा शब्द या पट्ट्यात आडनावाइतका परिचित झाला. ती दाद पुरी होती की अपुरी, याबद्दल गावात दोन मते आहेत. गावठाणाबाहेर वाढलेल्या, ‘गरजेपोटी’ बांधलेल्या घरांचा प्रश्न अजून मिटलेला नाही, हे पाहता मला अपुरी म्हणणाऱ्यांची बाजू अधिक सबळ दिसते. १९९२ सालच्या पहिल्या दिवशी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली, त्याच वर्षी मे महिन्यात मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल धावू लागली, आणि २००४ मध्ये ठाण्याचा मार्गही येऊन मिळाला. आज सानपाडा स्थानकाला दोन्ही मार्ग लाभले आहेत, शेजारी गाड्यांची मोठी कारशेड आहे, आणि सायन-पनवेल महामार्गावरून जाणाऱ्याला या उंच इमारतींच्या आत एक जुने गाव आहे याचा सुगावाही लागत नाही. दि. बा. पाटील २०१३ मध्ये निवर्तले. नव्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून २०२१ मध्ये हजारोंनी लोक रस्त्यावर उतरले आणि २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने तसा ठराव केला. ज्याने आयुष्यभर इतरांसाठी दाद मागितली त्याच्या कार्याला दाद द्यावी, म्हणून पुन्हा दाद मागावी लागावी, हे या शब्दाच्या इतिहासाला धरूनच आहे.

पण सानपाडा नुसते दाद मागणारे गाव नव्हे. या किनाऱ्याने गुण गाण्याची स्वतःची एक जुनी रीत जपली आहे, आणि तिच्याकडे शहराचे फारसे लक्ष गेलेले नाही. आगरी लग्नात धवलारीण असते. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत जे जे विधी होतात त्यांना साजेसा धवला ती गाते; देवांना आमंत्रण देते, नवरदेवाचे आणि नवरीचे गुण गाते, घरातल्या जित्या-मेल्या वडीलधाऱ्यांची नावे घेते, आणि तिच्या गाण्याशिवाय विधी पुरा झाला असे जुनी माणसे मानीत नाहीत. आगरी बोलीत ळ चा ल होतो. म्हणजे हा धवला मराठी वाङ्मयातील ‘धवळे’ या प्रकाराचा सगोत्र ठरतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथातील महदंबेने रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या सांगण्यावरून श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायिले, आणि त्यामुळे तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. रिद्धपुरात आता मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे; महदंबेला दाद मिळावयास सात शतके लागली असली तरी ती मिळाली आहे. विवाहमांडवात उभे राहून मुखोद्गत गाणाऱ्या धवलारणीला मात्र ती अद्याप आपल्या मांडवाबाहेर मिळालेली नाही.

धवल्यात जी स्तुती आहे ती कचेरीतल्या दादेहून फार निराळी, कारण तिला कोणी मागणी केलेली नसते. नवरदेव कसाही असो, त्या दिवशी तो राजबिंडाच. नवरी काळी-सावळी असो, ती चांदणीच. येथे मोजमाप नाही, तराजू नाही, सम चुकण्याची भीती नाही. माझा पक्षपात सांगून टाकतो: गुण पारखून दाद देणारा रसिक समाजाला हवाच, परंतु वर्षातून एखादा दिवस पारख न करता थोरवी गाणारा एक आवाजही घरात असावा, आणि तो या आगरी मांडवांनी राखला हे त्यांचे मोठे देणे आहे. आता हळदीच्या रात्री ध्वनिक्षेपकांच्या भिंती लागतात, बेंजोवर सिनेमाची आणि तयार आगरी गाणी वाजतात, तरुण मंडळी त्यावर मनसोक्त नाचतात; त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही, पण त्या गोंगाटात धवला पहाटेच्या किंवा भर दुपारच्या कुठल्यातरी कोपऱ्यात ढकलला गेला आहे आणि तो मुखपाठ असणाऱ्या बायका संख्येने कमी होत चालल्या आहेत.

जमीन गेल्याचे निवाडे, अधिसूचना, सातबाऱ्यांवरील फेरफार हे सारे ठाणे-बेलापूरच्या दप्तरांत सुरक्षित आहे आणि इतिहासकाराला ते केव्हाही पाहता येईल. धवल्यांना असे दप्तर नाही. म्हणून सानपाडा, तुर्भे, जुईनगर, नेरूळ येथील गावठाणांतल्या तरुण वाचकांना एक विनंती: आपल्या घरात किंवा शेजारी जी आजी धवले गाते तिच्यापाशी बसावे, तिच्या परवानगीने ते ध्वनिमुद्रित करावेत, तिच्या बोलीतच, ळ चा ल जसा आहे तसा ठेवून लिहून घ्यावेत, प्रत्येक धवला कोणत्या विधीचा ते शेजारी टिपावे, आणि त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्यावी.